डूलॅली: देवळालीहून इंग्रजीत गेलेला शब्द — वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटिश मालिका पाहताना किंवा इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांशी बोलताना ‘डूलॅली’ हा शब्द कानावर पडतो आणि मराठी माणूस थबकतो. हे आपल्या देवळालीसारखं का वाटतंय? वाटतं ते बरोबर आहे. त्यापुढचे जे प्रश्न नेहमी येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

‘डूलॅली’चा अर्थ काय?

डोकं फिरलेला, सटकलेला, भ्रमिष्टासारखं वागणारा. हा ब्रिटिश बोलीतला अनौपचारिक शब्द आहे. त्यात थोडी चेष्टा असते आणि बऱ्याचदा थोडी मायाही. आजोबा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधत असतील, तर नातवंडं म्हणतील की आजोबा जरा डूलॅली झालेत. कामाच्या रगाड्यात एखादी बाई म्हणेल की ही मुलं मला डूलॅली करणार. हल्ली यंत्रांनाही तो लावतात. प्रिंटर एकाच पानाच्या चाळीस प्रती काढत सुटला की तो डूलॅली झाला.

खऱ्या मानसिक आजाराचं निदान सांगायला हा शब्द कधीच वापरला जात नाही. तो ‘मनोरुग्ण’च्या जवळचा नाही, ‘चक्रम’च्या जवळचा आहे.

तो खरंच नाशिकजवळच्या देवळालीवरून आला का?

हो, आणि यात फारसा वाद नाही. इंग्रजी बोलीतल्या शब्दांच्या उगमाबद्दल जितक्या कथा फिरतात, त्यातल्या निम्म्याहून अधिक मागाहून रचलेल्या असतात. हा शब्द त्यांतला नाही. तो पहिल्यांदा सैनिकांच्या बोलीत दिसतो, त्याचा जुना, पूर्ण रूपातला वापर ‘डूलॅली टॅप’ असा आहे, आणि ते सैनिक ज्या जागेबद्दल बोलत होते तिचं नाव इंग्रजी कागदपत्रांत स्वच्छ लिहिलेलं आहे. ती जागा म्हणजे देवळाली कॅम्प. मुंबईहून रेल्वेने निघालं की कसारा, इगतपुरी, घोटी, लहवित अशी स्टेशनं मागे पडतात आणि नाशिक रोडच्या आधी देवळाली लागतं.

त्या छावणीत असं काय होतं की माणसं वेडी व्हावीत?

कामच नव्हतं, आणि हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. बहुतेक लोक उष्णता, ताप, डास, नाहीतर वेड्यांचं इस्पितळ यांच्याकडे वळतात आणि मूळ कारण हातातून निसटतं.

देवळालीची छावणी १८६१ मध्ये उभी राहिली. ती ‘ट्रान्झिट’ छावणी होती, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या फौजेचा मुक्काम. इंग्लंडहून बोटीने मुंबईला उतरलेली नवी पलटण आधी इथे यायची आणि मग हिंदुस्थानभर विखुरली जायची. नोकरीची मुदत भरलेले शिपाई उलट दिशेने इथे जमायचे आणि बोटीची वाट पाहत राहायचे. जागा विचारपूर्वक निवडलेली होती. देवळाली सह्याद्री चढून गेल्यावरच्या पठारावर आहे, त्यामुळे मुंबईच्या दमट हवेपेक्षा इथली हवा कोरडी आणि बरीच सुसह्य. १८६५ मध्ये थळ घाटाची चढण रेल्वेसाठी खुली झाल्यावर मुंबई बंदरापासून गाडीत बसून थेट वर येता येऊ लागलं.

अडचण बोटींच्या वेळापत्रकाची होती. फौज नेणाऱ्या बोटी वर्षभर चालत नसत. साधारण नोव्हेंबर ते मार्च हा त्यांचा हंगाम. उन्हाळ्यात तांबड्या समुद्रातून खच्चून भरलेली बोट नेणं म्हणजे खालच्या मजल्यावरच्या माणसांना भट्टीत घालणं, आणि जूनपासून अरबी समुद्रात पावसाळी लाटा. १८६६-६७ च्या सुमारास या कामासाठी खास पाच बोटी बांधल्या गेल्या: युफ्रेटिस, सेरापिस, क्रोकोडाइल, जमना आणि मलबार. बोटी चांगल्या होत्या, पण समुद्राचं पंचांग त्यांनाही चुकलं नाही.

आता साधा हिशोब करा. एखाद्या शिपायाची मुदत जानेवारीत भरली, तर तो आठ-पंधरा दिवसांत बोटीवर. तीच मुदत एप्रिलमध्ये भरली, तर हंगामातली शेवटची बोट गेलेली आणि पुढची नोव्हेंबरात, म्हणजे जवळजवळ सात महिने. त्यात वैशाखाचं ऊन आलं, अख्खा पावसाळा आला आणि दसरा-दिवाळीही आली. माणूस नोकरीतून मनाने केव्हाच सुटलेला असतो, पण कागदावर अजून पलटणीचाच असतो. कवायत नावाला, जबाबदारी काही नाही, सोबतचे ओळखीचे लोक वेगवेगळ्या पलटणींत मागे राहिलेले. दारू मिळत होती आणि खिशात थोडे पैसेही होते.

फ्रँक रिचर्ड्स हा रॉयल वेल्श फ्युझिलिअर्समधला शिपाई विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात होता. १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या आठवणींत त्याने हे सगळं मांडलं आहे. वर्षानुवर्षं नीट वागलेली माणसं तिथल्या रिकामपणात बिघडत, गुप्तरोग ओढवून घेत, तुरुंगात जात, आणि हा शब्दप्रयोग तिथल्या कंटाळ्यातूनच निघाला असावा, असं त्याचं मत. त्याने अधिकाऱ्याच्या नव्हे, शिपायाच्या नजरेतून लिहिलं आहे, म्हणून ही साक्ष मोलाची आहे.

शिपायाची ‘मुदत भरणं’ म्हणजे काय? तेव्हा सैन्यातली नोकरी जन्मभराची नव्हती?

आधी ती बरीच लांबलचक होती. १८७० च्या कायद्याने ब्रिटनमध्ये अल्पमुदतीची भरती सुरू झाली. एकूण करार बारा वर्षांचा, त्यातली काही वर्षं प्रत्यक्ष पलटणीत आणि उरलेली घरी राहून राखीव दलात. त्यामुळे दरवर्षी हजारो शिपाई हिंदुस्थानातून सुटू लागले आणि तितकेच नवे येऊ लागले. ये-जा वाढली तशी देवळालीतली वाट पाहणाऱ्यांची गर्दीही वाढली. असल्या शिपायाला ‘टाइम-एक्स्पायर्ड’ म्हणत. औषधाच्या बाटलीवर असावा तसा हा शब्द माणसांना लावलेला पाहून जरा विचित्र वाटतं.

‘डूलॅली टॅप’मधला ‘टॅप’ म्हणजे नळ की टपली?

दोन्ही नाही. हा ‘तप’, म्हणजे ताप.

हिंदुस्थानी बोलीत ‘तप’ हा फारसीतून आलेला शब्द ज्वर या अर्थाने रुळलेला होता. हिंदीत क्षयाला ‘तपेदिक’ म्हणतात, त्यातला ‘तप’ हाच. संस्कृत ‘ताप’ आणि फारसी ‘तप’ ही एकाच घराण्यातली भावंडं, म्हणून मराठी माणसाला अर्थ लगेच उमगतो. शिपाई जी बोली शिकत, ती बाजारातली, स्वयंपाक्याची आणि धोब्याची. त्या बोलीतून त्यांनी ‘तप’ उचलला, पण इंग्रजी तोंडात दंत्य ‘त’ नसतो, त्यामुळे तो ‘टॅप’ झाला.

‘डूलॅली टॅप’ म्हणजे मुळात ‘देवळालीचा ताप’. एखादा शिपाई विचित्र वागू लागला की त्याचे सोबती म्हणत, याला देवळालीचा ताप चढलाय. इंग्लंडला गेल्यावर हा ‘टॅप’ लोकांना इंग्रजीतला वाटू लागला, जणू डोक्यावर कुणी टपली मारली आहे. काहींनी तर ‘डूलॅली टॅप्ड’ असं विशेषणही करून टाकलं. शेवटी नको झालेला तो तुकडा गळून पडला आणि नुसतं ‘डूलॅली’ उरलं.

मराठीत आपण ‘डोक्याला ताप’ म्हणतो, त्याचा या शब्दाशी थेट संबंध नाही. योगायोग मात्र झकास आहे.

देवळालीचं डूलॅली कसं झालं? इतकं कसं बिघडलं?

उच्चार मनमानी पद्धतीने बिघडत नाहीत, ते ठरावीक वाटांनी बिघडतात. इथे चार बदल झाले.

पहिला, ‘देव’मधला ‘व’. पुढे व्यंजन आलं की मराठी ‘व’ जवळजवळ ‘उ’सारखा होतो. ‘देवळाली’ पटकन म्हणून पाहा, ‘देउळाली’ असं काहीतरी ऐकू येईल. इंग्रज कारकुनांनीही ते तसंच ऐकलं, म्हणून देवगिरी, देवघर, देवळाली यांच्या जुन्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘व्ही’ नाही, ‘ई’नंतर ‘ओ’ येतो. शिपायाच्या तोंडात तो ‘एउ’ आखडला आणि ‘ऊ’ उरला.

दुसरा, ‘ळ’. तो इंग्रजीत नाहीच, म्हणून सरळ ‘ल’.

तिसरा बदल आघाताचा आहे, आणि खरी गंमत इथेच आहे. मराठीत आपण सगळी अक्षरं साधारण सारख्या वजनाने म्हणतो, इंग्रजीत एका अक्षरावर जोर देऊन बाकीची चेपावी लागतात. इंग्रजांनी जोर ‘ला’वर टाकला. तो ‘ला’ मग ‘लॅ’ झाला, इंग्रजी ‘सॅली’, ‘रॅली’ यांच्या चालीवर.

चौथा बदल शेवटाचा. दीर्घ ‘ली’ इंग्रजीतल्या ‘सिली’, ‘जॉली’ अशा हलक्याफुलक्या विशेषणांच्या शेवटाशी जुळला. गावाचं नाव विशेषण म्हणून इतक्या सहज चाललं, त्यात या शेवटाचाही हात असणार असं आम्हाला वाटतं. इगतपुरीच्या नावावर हे जमलं नसतं.

देवळालीत वेड्यांचं इस्पितळ होतं, त्यावरून हा शब्द आला, असं वाचलंय. खरं काय?

ही गोष्ट वारंवार सांगितली जाते आणि ती अगदीच हवेतली नाही. छावणीला लष्करी इस्पितळ होतं, पहिल्या महायुद्धात तर इथे मोठी इस्पितळं चालली, आणि हवापालटासाठी देवळालीचं नाव आजही आहे. त्यामुळे आजारी शिपाई देवळालीत असणं साहजिक.

पण शब्दाचं मूळ म्हणून ही कथा कमी पटते. जुना प्रयोग ‘डूलॅलीला पाठवा’ असा नाही, ‘डूलॅलीचा ताप’ असा आहे. इस्पितळावरून शब्द पडला असता तर त्याचं वळण ‘याला येरवड्याला भरती करा’ किंवा ‘ठाण्याला नेऊन सोडा’ या मराठी बोलण्यासारखं असतं, म्हणजे माणसाला त्या जागी *नेण्याचं*. ‘ताप’ मात्र त्या जागी राहून *लागतो*. शिवाय रिचर्ड्सची साक्ष इस्पितळाची नाही, मुक्कामाची आहे.

सर्वात जुना छापील पुरावा कोणता?

फ्रेझर आणि गिबन्स यांच्या १९२५ च्या सैनिक व नाविकांच्या शब्दकोशात ‘टॅप’सह हा प्रयोग नोंदवलेला आहे. कोशात तो जुना लष्करी शब्द म्हणून येतो, म्हणजे बोलण्यात तो त्याआधीपासून होताच. बराकीतली भाषा छापखान्यापर्यंत उशिरा पोचते. पहिल्या महायुद्धात लाखो नागरिक गणवेशात गेले, जुन्या शिपायांची बोली शिकले आणि घरी घेऊन आले. मग कोशकारांना ती ऐकू आली. इंग्रजी बोलीतले अनेक शब्द १९१४ नंतर अचानक ‘उगवलेले’ दिसतात, त्यामागे हेच आहे.

उच्चार आणि स्पेलिंग बरोबर कसं करायचं?

उच्चार: डू-लॅ-ली. जोर मधल्या ‘लॅ’वर, ‘लॅ’तला स्वर ‘बॅट’मधला, शेवटची ‘ली’ आखूड. ‘डू’वर जोर दिलात तर इंग्रज माणसाला क्षणभर कळणार नाही.

स्पेलिंग: डी, डबल ओ, एल, ए, डबल एल, वाय. नेहमी होणारी चूक म्हणजे पहिला ‘एल’ही दोनदा लिहिणं. शेवटी ‘वाय’ऐवजी ‘आय’ लिहिलेलं जुन्या मजकुरात सापडतं, आज ते टाळा. पूर्वी गावाचं नाव म्हणून पहिलं अक्षर मोठं असे, आता ते लहान असतं.

वाक्यात कसा वापरतात? कुठे चुकतं?

तो जवळजवळ नेहमी क्रियापदानंतर येतो. ‘ही हॅज गॉन डूलॅली’, म्हणजे त्याचं डोकं फिरलंय. ‘इट्स ड्रायव्हिंग मी डूलॅली’, म्हणजे याने माझं डोकं उठलंय. ‘गो’ आणि ‘ड्राइव्ह’ ही त्याची दोन नेहमीची क्रियापदं, तिसरं ‘बी’.

नामाआधी लावणं व्याकरणाने चालतं, पण कानाला खटकतं. ‘अ डूलॅली मॅन’ असं क्वचितच कुणी म्हणतं. तर-तमभाव नाही, म्हणजे ‘अधिक डूलॅली’ असा प्रत्यय लावता येत नाही, हवं तर आधी ‘अ बिट’ किंवा ‘कम्प्लीटली’ जोडा. अनेकवचनही नाही.

मराठी लोकांकडून होणारी खरी चूक वेगळीच असते, ती पातळीची. कामाच्या ईमेलमध्ये, तक्रारीच्या अर्जात किंवा वरिष्ठांबद्दल हा शब्द लिहू नका. चहाच्या टेबलावर चालेल.

अमेरिकेत समजेल का?

बहुधा नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये कळतो, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये बऱ्याच जणांना कळतो. अमेरिकन माणूस बोलण्याच्या सुरावरून अंदाज बांधेल, इतकंच. न्यू जर्सीतल्या मराठी मित्राला तुम्ही हा शब्द सांगितलात तर तोच आधी विचारेल, ‘म्हणजे नाशिकवालं देवळाली?’

हा शब्द अपमानास्पद आहे का?

स्वतःबद्दल, यंत्राबद्दल किंवा चेष्टा चालते अशा माणसाबद्दल तो सौम्य आहे. मानसिक आजार असलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाबद्दल, विशेषतः त्याच्या घरच्यांसमोर, तो बोचतो. ‘त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय’ हे मराठीत जिथे बोलणार नाही, तिथे हाही बोलू नये.

मराठीत भाषांतर करताना काय लिहावं?

संदर्भ पाहून. एकच प्रतिशब्द सगळीकडे चिकटवलात की संवाद मरतो.

माया असेल तर ‘जरा भ्रमिष्टच झालेत’ किंवा ‘चक्रम झालाय’. वैताग असेल तर ‘डोकं फिरायची वेळ आलीय’. विदर्भातलं किंवा मुंबईतलं पात्र असेल तर ‘येडा झालाय का’ शोभतं. ‘सटकलाय’ आणि ‘सरकलाय’ यांत रागाची छटा जास्त आहे, आणि डूलॅलीत राग फारसा नसतो. ‘वेडापिसा’ टाळावं, त्यात प्रेमाचा किंवा दुःखाचा आवेग येतो. यंत्राबद्दल असेल तर ‘बोंबललंय’ किंवा ‘काहीतरी भलतंच करतंय’.

पात्र ब्रिटिश शिपाई असेल आणि काळ १९४७ च्या आधीचा, तर बेधडक ‘देवळालीचा ताप चढलाय’ असं लिहा. मराठी वाचकाला तळटीपही लागणार नाही. ही सोय दुसऱ्या कुठल्याच भाषेतल्या अनुवादकाला नाही.

कुठली देवळाली? महाराष्ट्रात एकाहून जास्त आहेत.

इथे बराच गोंधळ होतो, म्हणून जरा तपशिलात.

शब्दाचा संबंध *देवळाली कॅम्प*शी आहे, म्हणजे कटक मंडळाच्या (कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या) हद्दीतल्या भागाशी. आसपासचे लोक नुसतं ‘कॅम्प’ म्हणतात. शेजारी भगूर, सावरकरांचं जन्मगाव. *देवळाली गाव* वेगळं, ते नाशिक रोडला लागून, नाशिक महापालिकेत. आणि *देवळाली प्रवरा* तर अहिल्यानगर जिल्ह्यात राहुरी तालुक्यात आहे, त्याचा या शब्दाशी काही संबंध नाही.

आणखी एक घोटाळा इंग्रजी स्पेलिंगचा. राजस्थानात देवळी नावाचं गाव आहे, तिथेही ब्रिटिशांची बंदी-छावणी होती. १९४१ मध्ये जयप्रकाश नारायण तिथे स्थानबद्ध होते. रोमन लिपीत देवळी आणि देवळाली यांत दोनच अक्षरांचा फरक पडतो, त्यामुळे देवळीचे कैदी बरेचदा देवळालीच्या खात्यावर जमा होतात. गिर्यारोहक हाइनरिश हारर मात्र दुसऱ्या महायुद्धात खरोखरच देवळालीत होता. आधी अहमदनगरला, मग देवळालीला, तिथून देहरादूनच्या छावणीत, आणि तिथून निसटून तिबेटला.

जुने कागद शोधायचे असतील तर दोन्ही स्पेलिंगं शोधा. कटक मंडळ ‘ई-ओ’ लिहितं, रेल्वे ‘ई-व्ही’ लिहिते. एकाच स्पेलिंगने शोधलंत तर निम्मी माहिती हाती लागणार नाही.

याच वाटेने इंग्रजीत गेलेले आणखी शब्द कोणते?

बराकीच्या वाटेने गेलेले पुष्कळ आहेत. ‘ब्लायटी’ म्हणजे मायदेश, हा आपला ‘विलायती’. पहिल्या महायुद्धात खंदकातला शिपाई मायदेशी पाठवलं जाण्याइतपत, पण जीव न घेणारी जखम व्हावी म्हणून देवाला विनवायचा आणि त्या जखमेलाही ‘ब्लायटी’ म्हणायचा. ‘कुशी’ म्हणजे आरामाची नोकरी, ती ‘खुशी’वरून. ‘डेको’ म्हणजे एक नजर टाकणं, ते ‘देखो’. ‘पक्का’ आणि ‘चिट’ सांगायला नकोत. ‘रूटी’ म्हणजे पाव, ती ‘रोटी’. दीर्घ सेवेच्या पदकाला शिपाई ‘रूटी गाँग’ म्हणत, म्हणजे इतकी वर्षं सरकारी भाकरी खाल्ल्याचं पदक.

हे बहुतेक हिंदुस्थानीतून गेलेले आहेत. मराठीतून इंग्रजीत गेलेला ठळक शब्द म्हणजे ‘मंगूस’, आपलं मुंगूस, पण तो शिपायांचा नव्हे.

गावाच्या नावावरून असा शब्द होणं इंग्रजीत नेहमीचं आहे का?

आहे. ‘बेडलम’ म्हणजे गोंधळ-गदारोळ, तो लंडनच्या बेथलेम इस्पितळावरून. ते १२४७ मध्ये मठ म्हणून सुरू झालं आणि पुढे वेड्यांसाठी प्रसिद्ध झालं. ‘शांघाय करणं’ म्हणजे फसवून किंवा जबरदस्तीने बोटीवर चढवणं. १९०० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या मॅफेकिंगचा वेढा उठल्यावर लंडनमध्ये जो धिंगाणा झाला, त्यावरून ‘मॅफिक’ हे क्रियापदच निघालं, आता ते मेलंय. डूलॅली टिकलं. तो शब्द म्हणताना मूळ गाव डोळ्यांसमोर आणायची गरज उरली नाही, म्हणून तो टिकला असावा.

त्या ब्रिटिश मालिकेचा देवळालीशी काय संबंध?

‘इट एन्ट हाफ हॉट मम’ ही बीबीसीची विनोदी मालिका १९७४ ते १९८१ चालली. १९४५ मधलं सैनिकांचं करमणूक पथक हा विषय, आणि सुरुवातीच्या भागांची छावणी देवळालीची. लेखकांपैकी जिमी पेरी स्वतः तोफखान्यात देवळालीला होता आणि तिथल्या पथकात काम करत होता. मालिकेत गोऱ्या नटाने चेहरा रंगवून भारतीय माणसाची भूमिका केली होती, त्यामुळे आज ती सहसा दाखवली जात नाही. ब्रिटनमधल्या एका अख्ख्या पिढीला देवळालीचं नाव मात्र या मालिकेमुळेच ठाऊक झालं.

पुण्यात-मुंबईत याच नावाची बिअर मिळते ना?

हो. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या मायक्रोब्रूअरीने हेच नाव घेतलं. तिथे बसलेले बहुतेक लोक त्याला ‘डूलाली’ म्हणतात, म्हणजे शब्द लंडनला जाऊन अर्ध्या वाटेने परत आला आहे.

एखाद्या शब्दाची व्युत्पत्ती खरी की रचलेली, हे कसं ओळखायचं?

आधी सर्वात जुना छापील वापर शोधा आणि तो कुणाच्या तोंडी आहे ते पाहा. मग ध्वनी कसा बदलला हे एकेक पायरीने दाखवता येतं का ते तपासा. एक जरी पायरी ‘असंच झालं असेल’ म्हणून उडवावी लागली तर सावध व्हा. तिसरी कसोटी अर्थाची: पहिल्या वापरातला अर्थ मूळ जागेला लागू पडतो का? शेवटी काळ जुळतो का ते पाहा.

डूलॅली चारही कसोट्यांना उतरतो. ‘बार्मी’ हा त्याचाच समानार्थी शब्द मात्र उतरत नाही. केंटमधल्या बार्मिंग गावच्या वेड्यांच्या इस्पितळावरून तो आला, असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. खरं तर ‘बार्म’ म्हणजे आंबताना दारूवर येणारा फेस. डोक्यात फेस झालेला तो बार्मी. हा शब्द त्या इस्पितळाहून जुना आहे, त्यामुळे ती कथा काळाच्या कसोटीवरच आपटते. गोष्ट जितकी नेटकी तितकी ती तपासून घ्यावी. संक्षेपातून शब्द निघाल्याच्या कथा तर जवळजवळ नेहमीच खोट्या निघतात.

आज देवळालीत त्या छावणीचं काय उरलंय?

ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी २८ फेब्रुवारी १९४८ रोजी गेटवे ऑफ इंडियामधून बोटीवर चढली आणि देवळालीत बोटीची वाट पाहणारं कुणी उरलं नाही. छावणी भारतीय लष्कराकडे आली. आता तिथे तोफखान्याची प्रशिक्षण संस्था आहे, आसपासच्या माळावर तोफांचा सराव चालतो आणि गोळीबाराच्या दिवशी आवाज लांबपर्यंत ऐकू येतो. कॅम्पातल्या झाडांच्या रस्त्यांवर जुने बंगले, पारशी आणि गुजराती सॅनिटोरियम दिसतात. लष्करी हद्दीत फोटो काढायला परवानगी लागते, ती आधी विचारून घ्या. स्टेशन लहान आहे, पण तिथल्या पाटीवरचं मराठी नाव आणि इंग्रजी नाव एकाखाली एक वाचून पाहा. इंग्रजीत जाताना ‘ळ’चा ‘ल’ कसा झाला, ते तिथेच दिसतं.